मुलांना नदी दाखवताना

(मृग नक्षत्राच्या आदल्या आठवड्यात सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आम्ही मलकापूरच्या. मलकापूर म्हटलं की बाहेरची माणसं विचारतात, बुलढाण्याचं का कराडजवळचं? दोन्ही नव्हे. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाटाच्या अलीकडं लागतं, ते शाहूवाडी तालुक्यातलं मलकापूर आमचं. आमच्यात दोघी अंगणवाडीत आहेत, एक निवृत्त शिक्षिका, एकीचं शिलाईचं दुकान आणि बाकीच्या शेतावर जाणाऱ्या. शनिवारी दुपारी आम्ही गल्लीतली आणि जवळच्या वाड्यांतली मुलं गोळा करतो आणि त्यांना नदी शिकवतो. रेडिओवरच्या ताई म्हणाल्या, पावसाच्या तोंडावर याच्यावरच बोला. म्हणून आलो.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो, कारण सुरुवात चुकलीच होती. २०२१ च्या जुलैत महापूर आला, तेव्हा २०१९ चा महापूर होऊन दोनच वर्षं झाली होती. त्याच्या आधीचा मोठा म्हणजे २००५ चा. चौदा वर्षांचं अंतर एकदम दोन वर्षांवर आलं, तेव्हा आम्हाला वाटलं, पोरांना हे शिकवलं पाहिजे. मग काय, तक्ते आणले. निळ्या रंगाची नदी, हिरवे डोंगर, वर ढग. उगम, संगम, मुख, त्रिभुज प्रदेश. पोरांनी महिन्याभरात सगळं पाठ केलं. आम्हीही खूश.

पुढच्या पावसाळ्यात म्हाताऱ्या पावसाची झड लागली. शाळा लवकर सुटली. आमच्यातलीच एक आपल्या तिसरीतल्या पोराला आणायला गेली. वाटेत ओढा आहे आणि त्याच्यावर फरशी. जाताना फरशी कोरडी होती. येताना तिच्यावरून एक वीतभर पाणी चाललं होतं, लालभडक. रोजची वाट, पलीकडं घर दिसतंय, चुलीवर दूध ठेवून आलेली. तिनं पोराचा हात धरला आणि पाण्यात पाय घातला. मधोमध आल्यावर पोराच्या पायातली चप्पल निसटली. ती धरायला म्हणून त्यानं आईचा हात सोडला आणि वाकला.

ती आजही सांगते, "हात सुटला तेवढंच मला आठवतंय. पुढचं न्हाई."

मागून डेअरीला दूध घालून परतणारे एक मामा येत होते. त्यांनी हातातला कॅन टाकला आणि पोराच्या दप्तराचा पट्टा धरला. पोरगं वाचलं. कॅन गेला तो गेलाच.

त्या रात्री आम्ही सगळ्या तिच्या घरी बसलो होतो. कोपऱ्यात पोराची वही होती. आदल्याच शनिवारी त्यानं नदीचं चित्र काढून उगमापासून मुखापर्यंत सगळी नावं बरोबर लिहिली होती, आम्ही त्याला लाल पेनानं 'छान' दिलं होतं. पोराला सगळं येत होतं. त्याच्या आईनं पाय पाण्यात घातला म्हणून त्यानं घातला. चुकलं ते आमचं. कागदावरची निळी नदी आम्ही शिकवत बसलो. आमच्या दारची नदी पावसाळ्यात निळी नसते, ती तांबडी असते आणि ती दोन तासांत येते.

तेव्हापासून आमचा पहिला धडा हाच. फरशीचा काँक्रीट दिसेनासा झाला की थांबायचं. पायी नाही, गाडीवर नाही, वडापातनं पण नाही. वाहतं पाणी साधारण १५ सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम घोट्याच्या वर आलं, की चांगल्या धडधाकट माणसाचा तोल जाऊ शकतो. ३० सेंटीमीटरला लहान मोटार उचलली जाऊ शकते आणि ६० ला बहुतेक गाड्या वाहतात. मुलांना हे आकडे सांगून पटत नाहीत. त्यांना हाताला कळावं लागतं. आम्ही त्यांना उन्हाळ्यात पाटाच्या घोटाभर पाण्यात उभं करतो, दोघी-तिघी अडवून उभ्या राहतो आणि हातात स्टीलचं ताट देतो. ताट आडवं कापत धरलं की काही होत नाही. तेच उभं, पाण्याच्या तोंडाला धरलं की हात मागं जातो. मग सांगतो, पाण्याचा वेग दुप्पट झाला तर हा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. आणि तुझा पाय म्हणजे हे ताटच आहे.

याच धड्याचा दुसरा भाग अवघड आहे, आणि तो मुलांसाठी नाही. मूल म्हणालं "मी येत न्हाई, पाणी हाय," तर त्याला ओढायचं नाही. आपल्याकडं मोठ्यांच्या पुढं बोलायचं नाही असं आपणच शिकवतो. बाप गाडीवर बसलेला असतो, म्हणतो, "एवढ्याशा पाण्याला काय भ्यायचं?" अशा वेळी पोरगं बरोबर आणि बाप चूक, हे आईनं तिथल्या तिथं म्हणायला पाहिजे. आमच्यातल्या दोघी-तिघींच्या घरात यावरून वाद झालेत. होऊ देत.

आता नदीकडं येतो. आमच्या मलकापुराला शाळी नदी आहे आणि कडवी आहे. कडवी आंब्याच्या बाजूनं येते आणि पुढं वारणेला मिळते. एवढं पोरांना माहीत होतं. पण कुणाला विचारलं की पुढं कुठं, तर उत्तर "कोल्हापूरला". मोठ्यांनाही विचारून बघा, हेच सांगतील. कोल्हापूरला जाते ती आमची ही नदी नाहीच.

म्हणून एका वर्षी गणपती झाल्यावर, पाऊस ओसरला पण पाणी अजून वाहतंय अशा दिवसांत, दोन वडाप ठरवून बावीस पोरांना आंब्याला घेऊन गेलो. घाटाच्या माथ्यावर उभं केलं. पश्चिमेला तोंड केलं की खाली कोकण. इथं पडलेला थेंब साखरप्याकडं उतरतो, काजळी नदीतनं रत्नागिरीजवळ समुद्राला मिळतो. मागं वळलं की कडवीचं खोरं. इथला थेंब कडवीतनं वारणेत, वारणेतनं सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत. मग आंब्यावरून विशाळगडाकडं जाणाऱ्या रस्त्यानं गेलो. तिकडं गजापूर, पावनखिंड. पावनखिंडीचा इतिहास पोरांना आमच्यापेक्षा जास्त येतो, पण खिंडीतनं वाहणारं पाणी कुठं जातं हे कुणी विचारलं नव्हतं. ते कासारीचं पाणी. ही कासारी मात्र कोल्हापूरला जाते. कुंभी, तुळशी, भोगावती यांच्याबरोबर तिची पंचगंगा होते.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच ढगातनं पडलेला पाऊस तीन वाटांनी जातो. त्यातला एक अरबी समुद्रात. राहिलेल्या दोन वाटा एकमेकींपासून लांब जातात, एक हरिपूरवरून, एक कोल्हापूरवरून, आणि शिरोळ तालुक्यात नरसोबाच्या वाडीला परत भेटतात. तिथनं कर्नाटक, तेलंगणा, आंध्र आणि शेवटी बंगालचा उपसागर. आम्ही हे सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "म्हंजे वाडीला दोन्हीकडनं आमचंच पाणी?" आमचं एकट्याचं नव्हे, पण आमचंही, असं सांगितलं.

वाडीला आपल्यातल्या पुष्कळ जणी दर्शनाला जातात. दक्षिणद्वार सोहळा माहीत असेल. पाणी चढत चढत देवळाच्या उत्तरेच्या दारातनं आत येतं, पादुकांवरून दक्षिणेच्या दारातनं बाहेर पडतं, त्या वेळी स्नानाला गर्दी होते. आपण पुण्य म्हणून बघतो, ते आहेच. पण पोरांना आम्ही सांगतो, ही केवढी मोठी पट्टी आहे बघा, पाणी मोजायची. जुन्या माणसांनी पाण्याची पातळी देवाच्या दाराला बांधून ठेवली आहे.

आमच्यातल्या एकीची बहीण शिरोळ तालुक्यात दिली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, आसळकाचा पाऊस होता, तेव्हा त्यांचं घर पाण्यात होतं. म्हशी दोन दिवस आधी वर काढल्या म्हणून वाचल्या. हिनं इकडनं फोन केला, धीर द्यायला म्हणून म्हणाली, "काळजी करू नको गं, आमच्याकडं पाणी ओसरलं बघ." बहीण तिकडनं म्हणाली, "आक्का, तुमचं ओसरलं म्हंजे आमच्याकडं आलं."

हे वाक्य आम्ही प्रत्येक नव्या मुलाला ऐकवतो. कारण पूर हा एकच प्रकार नाही. आमच्याकडचा पूर रात्रीत येतो, ओढे फुगतात, फरशा बुडतात, दरड येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ऊनसुद्धा पडतं. शिरोळचा पूर सावकाश येतो. तो कळून येतो, पण आला की आठवडाभर हलत नाही. तिथलं शहाणपण वेगळं: वेळेत उठायचं, जनावरं आधी काढायची, "मागच्या वेळी इथपर्यंतच आलं होतं" म्हणून बसायचं नाही. २०१९ ला पुष्कळ घरं याच एका वाक्यावर बसून राहिली, कारण त्यांच्या डोक्यात २००५ ची खूण होती. पाणी त्या खुणेच्या वर गेलं. आमच्याकडचं शहाणपण म्हणजे फरशी, ओढा आणि डोंगर. २०२१ ला आंबा घाटात दरडी आल्या आणि रस्ता खचला, ते पोरांनी पाहिलं आहे. त्यांना सांगून ठेवलंय, डोंगराला नवी भेग दिसली, झाड किंवा खांब कलला, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा एकदम बंद झालं, तर घरी येऊन सांगायचं. आणि घरच्यांनी "गप बस" म्हणायचं नाही.

आता घरी करता येण्यासारखी एक गोष्ट सांगतो. ही नक्की करा, खर्च काही नाही. दोन पाट्या घ्या, लोखंडी, वाळू-माती उचलायच्या. दोन्हींत माती भरा. एकीत नुसती माती दाबून, दुसरीत गवताचं ढेकूळ मुळासकट आणून बसवा. दोन्ही पाट्या एका बाजूनं वीटभर उचलून तिरक्या ठेवा आणि खाली परात. मग झारीनं वरून सारखंच पाणी घाला. झारी नसली तर डब्याला खिळ्यानं भोकं पाडा. नुसत्या मातीवरून पाणी लगेच खाली येतं आणि परातीत लाल चहा होतो. गवताच्या पाटीतनं पाणी उशिरा येतं, कमी येतं आणि निवळ येतं. पोरांना आकडे मोजायला लावा. कुणी बारापर्यंत मोजतं, कुणी चाळीसपर्यंत, ते मातीवर अवलंबून. फरक मात्र दरवेळी दिसतो.

मग त्यांना सड्यावर न्यायचं. आमच्याकडचे सडे म्हणजे जांभ्याचे सपाट माळ. वरून बघितलं तर ओसाड. पावसाळ्यात पाय ठेवला की कळतं, केवढं पाणी धरून बसलेत. भाताच्या खाचरांचे बांधही तेच करतात. एकेक खाचर म्हणजे एकेक परात. वरच्या पाड्यातली देवराई तेच करते, म्हणून तिच्याखालचा झरा उन्हाळ्यात टिकतो. बांध फोडला, उतार सरळ केला, गवत जाळलं, की पाणी थांबत नाही. आमच्या उतारावरून ते जितकं घाईनं सुटतं तितकं खाली शिरोळला गाठोडं होऊन पडतं. आम्ही इथं चार बांध नीट केले म्हणून महापूर थांबणार नाही, हे आम्ही पोरांना स्पष्ट सांगतो. २०१९ सारखा पाऊस झाला तर मातीही भरून जाते, तिला पुढं धरता येत नाही. पण दर साल येणारा ओढ्याचा लोंढा, वाहून जाणारी माती, गाळानं भरणारी मोरी, हे हातातलं आहे.

हिशेबाचं म्हणाल तर आम्ही छपराचा हिशेब घालतो. वीस फूट बाय तीस फुटाचं छप्पर म्हणजे ६०० चौरस फूट, साधारण ५६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. घाटमाथ्याला दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही काही बातमी नव्हे. म्हणजे त्या एका छपरावर दिवसात ५,६०० लिटर. १५ लिटरच्या घागरीनं भरल्या तर पावणेचारशेच्या आसपास घागरी. एका घराच्या! आता गल्लीतली घरं मोजा. पोरं मोजत जातात आणि मधेच कुणीतरी थांबून विचारतं, "मग हे सगळं पाणी जातं कुठं?" इथं धडा सुरू होतो.

फोनवर येणारे निरोपही याच हिशेबानं समजावतो. "राधानगरीचा दरवाजा उघडला, १४२८ क्युसेक विसर्ग." दर पावसाळ्यात हा निरोप येतो, आपण वाचतो आणि पुढं पाठवतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, म्हणजे दोन घागरींना थोडं कमी. १४२८ क्युसेक म्हणजे सेकंदाला चाळीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर, प्रत्येक सेकंदाला, एका दरवाजातनं. राधानगरीला असे सात दरवाजे आहेत आणि पाणी ठराविक उंचीला गेलं की ते आपोआप उघडतात, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाची ही करामत. पोरांना हे फार आवडतं. आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना गेली की इशारा, ४३ ला धोका, हे दोन आकडे आमच्या पोरांना पाढ्यासारखे येतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. ५५ मधून ४३ गेले तर किती, हे त्यांचं त्यांना काढू द्यायचं.

बंधाऱ्यावरून आठवलं. आपल्याकडचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, त्यांचे बरगे पावसाच्या आधी काढतात. ते काढताना मुलांना जरूर न्या. बरगे राहिले तर ओंडके, पाला, प्लॅस्टिक अडकून पाणी दोन्ही काठांवर चढतं. बरगे काढणारी माणसं चांगली बोलतात, प्रश्नांना कंटाळत नाहीत.

यानंतरचं सांगायला थोडं अवघड वाटतं, पण ज्यांचं आहे त्यांच्या परवानगीनं सांगतो. एका शनिवारी आम्ही मुलांना गल्लीचा नकाशा काढायला दिला. रस्त्यावरच खडूनं. ओढा कुठनं येतो, कुठं वळतो, कुठल्या मोरीतनं जातो. आणि घरातल्या आज्जी-आजोबांना विचारून यायचं, तुमच्या लहानपणी ओढा किती रुंद होता, पाणी कुठल्या पायरीला लागायचं. एका मुलीच्या आज्जीनं सांगितलं, "अगं, ह्या शेडच्या जाग्यावर आम्ही धुणं धूत होतो." ती शेड त्या मुलीच्या आईचीच. ती आमच्या गटातली. चार ट्रॉल्या मुरूम टाकून ओढ्याची कड भरून घेतली होती आणि खाली एक बारकी सिमेंटची नळी टाकली होती. मुलीनं सगळ्यांच्या देखत खडूनं ओढा काढत आणला आणि शेडपाशी येऊन आईला विचारलं, "मम्मी, इथनं पुढं कुठनं काढू?"

आमच्यातलं कुणी बोललं नाही. ती आई पण नाही.

शेड पाडली का? नाही. कर्ज काढून बांधलेली आहे, त्यात तिची मशीन आहेत. पण त्या उन्हाळ्यात तिनं आणि नवऱ्यानं ती नळी काढली आणि मोरी मोठी केली, आता वाकून माणूस आत जाईल एवढी आहे. शेजारच्यांनी हसून विचारलं, एवढा खर्च कशाला? ती म्हणाली, पोरीनं नकाशा पुरा करायला पाहिजे. आम्हाला वाटतं तिनं जेवढं झेपलं तेवढं केलं. शेड तिथंच आहे हेही खरं आहे, आणि आम्ही ते झाकत नाही.

मोठ्या नद्यांच्या काठाला हीच गोष्ट मोठ्या मापात घडली आहे. सरकार नदीकाठच्या गावांना दोन रेषा आखतं. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतनं एकदा येईल एवढ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा येईल त्याची. २०१९ नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तिनं पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडं बोट दाखवलं. अलमट्टीवरून मोठ्यांचं भांडण चालूच आहे, ते चालू दे. पण पोरांना एवढं दाखवता येतं की नदीकाठची मळीची रानं एवढी कसदार का असतात. दर पुरात नदीच तिथं गाळ आणून टाकते म्हणून. ती जागा नदीचीच, आपण ती पिकाला वापरतो. ऊस चार दिवस पाण्यात उभा राहील, घर नाही राहत. नेदरलँड्स नावाच्या देशाचा बराच भाग समुद्राच्या पातळीखाली आहे, बंधारे बांधण्यात तो जगात पुढं. तिथं १९९५ ला नद्यांना पाणी एवढं चढलं की अडीच लाखांच्या आसपास माणसं हलवावी लागली. त्यानंतर त्यांनी पुष्कळ ठिकाणी बांध उंच करण्याऐवजी मागं नेले आणि नदीला पसरायला जागा सोडली.

त्याच देशातली अजून एक गोष्ट आम्हाला जास्त भावली. तिथल्या मुलांना पोहण्याची परीक्षा अंगात कपडे आणि पायात बूट घालून द्यावी लागते. कारण पाण्यात पडणारं माणूस काही पोहायचा पोशाख घालून पडत नाही. आता आपल्याकडं बघा. पोरगे उन्हाळ्यात पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून नदीत पडतात आणि आठ दिवसांत शिकतात. पोरी? आम्ही सगळ्या जणी लहानपणापासून नदीवर धुणं धुतोय. जन्म पाण्याकाठी गेला. आमच्यात किती जणींना पोहता येतं म्हणून हात वर करायला सांगितलं, तर एकच हात आला. तीही माहेरी विहिरीत भावाबरोबर शिकलेली. साडी नेसून गुडघाभर पाण्यात रोज उभं राहणारी बाई पोहू शकत नाही, हे आम्हाला इतकी वर्षं कधी खटकलं नव्हतं.

गेल्या दोन उन्हाळ्यांत नऊ मुली शिकल्या. ती एकटी शिकवते, काठाला दोघे जाणते पोहणारे पुरुष उभे असतात, आणि मुली पंजाबी ड्रेसवरच शिकतात. आधी बोलणं झालंच, मुलींनी नदीत काय पडायचं म्हणून. आता विचारणाऱ्या आया वाढल्यात. एक गोष्ट मात्र पक्की सांगितलेली आहे: पोहता येणारीनंसुद्धा पुराच्या पाण्यात उडी टाकायची नाही. कुणी बुडत असेल तर काठावरून दोर, काठी, साडी, रिकामा डबा, जे असेल ते फेकायचं आणि ओरडायचं. खाली पूरपट्ट्यात गुऱ्हाळाच्या काहिलीसुद्धा होड्या म्हणून वापरल्या आहेत लोकांनी. ती मोठ्या माणसांची कामं.

पिशवीचं थोडक्यात सांगतो. पावसाच्या आधी एक पिशवी खुंटीला तयार ठेवायची. रेशनकार्ड, आधार, पासबुक, दाखले प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. बॅटरी, काडेपेटी, घरच्यांची रोजची औषधं, फुटाणे-गूळ, पाण्याची बाटली. वयात आलेल्या मुलीच्या आणि आपल्या गरजेचे पॅड, छावणीत गेल्यावर मागायला लाज वाटते. मुलांची एक वही आणि एखादं आवडतं खेळणं, त्याची जागा फार नसते. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, पोलिसांचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८. नंबर दाराच्या आत खडूनं लिहा, मोबाइल भिजला की नंबर पण जातात. आणि निघताना दावणीची दावी सोडायची, हे काम आमच्याकडं मुलांना दिलेलं आहे, कारण गडबडीत मोठी माणसं विसरतात आणि पोरं विसरत नाहीत.

वेळ संपत आला, खिडकीतनं खूण करतायत. शेवटचं काम सांगतो, या आठवड्यातलं. सरळ भिंतीची काचेची बरणी घ्या, बाहेरून पट्टी चिकटवा, छपराच्या आणि झाडाच्या वळचणीपासून लांब उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला, हवामान खातं मोजतं त्याच वेळेला, किती मिलिमीटर ते लिहायचं आणि बरणी ओतून परत ठेवायची. शेजारी फरशीची नोंद: कोरडी, ओली का बुडालेली. आम्ही पाळ्यांचा तक्ता अंगणवाडीच्या दाराला लावला आहे. शिरोळच्या मावशीला रोजचा आकडा फोनवरून कळवायचा, हे त्यात लिहिलं आहे. पहिली पाळी सात तारखेपासून, आणि ती त्या चप्पल गेलेल्या पोराची आहे. तो आता मोठा झालाय, पुढच्या बाकावर बसत नाही, पण तक्त्यावर नाव त्यानंच वर लिहिलं.

बरंय मैत्रिणींनो. नमस्कार.